साभार चोरलेली बाकं

महाडात शाळा सुधारणारे पुष्कळ होऊन गेले, पण चोऱ्या करून शाळा सुधारणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा. मी हे कुणाची बदनामी करायला सांगत नाहीये हं. आतोबा स्वतःच सांगत सुटायचे. घरी कुणी पाहुणा आला की त्याचा चहा संपायच्या आत त्याला उठवून मुलींच्या शाळेत न्यायचे आणि पाचवीच्या वर्गातल्या बाकांवरून हात फिरवत, "हे वखारीतलं, हे वकिलांच्या परसातलं, हे अध्यक्षांच्या गोठ्यातलं," अशी एकेकाची ओळख करून द्यायचे. पाहुण्याला वाटे, काय दानशूर गाव आहे! तसं तो बोलून गेला की आतोबा दुखावल्यासारखे म्हणायचे, "छे, दिलंय कोण? सगळं चोरलेलं आहे." पाहुणा हसायचा. आतोबा हसायचे नाहीत.

धंद्यानं ते भाताच्या गिरणीचे मालक. शाळा समितीचं चेअरमनपद त्यांच्याकडे आलं त्याला कारण एवढंच, की दुसऱ्या कुणाला ते नको होतं. स्वराज्य येऊन चार-सहा वर्षं झालेली. नगरपालिकेत निवडून आलेल्या मंडळींनी बाजार, रस्ते, पाणी अशी भरदार कामं आपापसांत वाटून घेतली आणि शाळा तेवढ्या उरल्या. गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेलेला हा माणूस बोलतो कमी, तेव्हा त्रासही कमी देईल, असा सगळ्यांचा हिशेब. तो साफ चुकला. काळा कोट, काळी टोपी, धोतर आणि बारा महिने काखेत छत्री अशा थाटात चेअरमन दुसऱ्याच दिवशी मुलींच्या शाळेत हजर झाले आणि कुणाला काही न सांगता दुसरीच्या वर्गात, मागच्या तरटावर, माझ्या शेजारी मांडी घालून बसले. बाई बिचाऱ्या कविता शिकवत होत्या, त्यांनी एकच कडवं तीनदा म्हटलं. थोड्या वेळानं आतोबांनी हात वर केला. "काय साहेब?" बाईंनी चाचरत विचारलं. "बाई, पाणी प्यायला जाऊ?" बाईंनी मान डोलावली. आतोबा रांजणाकडे गेले, दोन तांबे पाणी प्याले, आत येऊन म्हणाले, "मी प्यायलोय. उद्या सकाळपर्यंत जिवंत राहिलो तर मुलींनी प्यायला हरकत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ते धडधाकट आले, पण तोवर मुख्याध्यापिकाबाईंनी शिपायाकडून रांजण घासून, उन्हात वाळवून, ताज्या पाण्यानं भरून घेतलेला होता. तो मग रोजच घासला जाऊ लागला, कारण चेअरमनना तहान कधी लागेल याचा नेम नव्हता.

मास्तर किंवा बाई उशिरा आल्या तर आतोबा त्यांना लेखी विचारत नसत, तोंडीही विचारत नसत. ते स्वतः वर्गावर उभे राहून शिकवायला लागत. त्यांना शिकवता येण्यासारखा विषय एकच, भात. पटणी जात कशी ओळखायची, कोळंबाचा दाणा दाताखाली कसा लागतो, कोंडा किती निघतो, ओल असलेलं भात गिरणीत घातलं तर काय अनर्थ होतो. पोरं रंगून जायची. मग उशिरा आलेले मास्तर वर्गात शिरले की चाळीस तोंडांतून एकच प्रश्न, "गुरुजी, तुम्हाला पटणी ओळखता येते?" एका मास्तरांना येत नव्हती. चेअरमननी कोटाच्या खिशातून मूठभर भात काढून भर वर्गात त्यांची परीक्षा घेतली. ते मास्तर पुढे घंटेच्या आधी शाळेत येऊन बसायचे, आणि खिशात भात बाळगायचे.

आणि मुलगी शाळेत आली नाही तर? तर चेअरमन बसायचे. आमच्या गावात हा वाक्प्रचारच झाला होता, "अमक्याकडे चेअरमन बसलेत." म्हणजे आतोबा त्या घरी जायचे, ओसरीवर टेकायचे, आणि काही म्हणजे काहीच बोलायचे नाहीत. आता दारी चेअरमन आले म्हटल्यावर चहा करणं आलं. चहा झाला तरी ते बसलेलेच. मग दुसरा चहा, मग पोहे. पोहेही ते निमूट खायचे आणि पुन्हा बसायचे. एका घरी चौथ्या चहाला दूध संपलं तेव्हा घरच्या म्हातारीनं कपाळावर हात मारून पोरीला दप्तरासकट दारात आणून उभं केलं. "ने गो बाय ह्यांना शाळेत, नायतर दुपारी जेवाया ऱ्हातील!" दुसऱ्या एका घरात धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून मुलगी घरी ठेवलेली. आतोबांनी ते मूल उचलून मांडीवर घेतलं आणि मुलीला म्हणाले, "तू जा. मी सांभाळतो." मुलानं यथावकाश चेअरमनच्या कोटाची वाट लावली. त्या मुलीची आई नंतर वर्षभर सांगायची, लाजेनं मेले हो मी! पण मुलगी पुन्हा एक दिवस चुकली नाही.

आता त्यांच्या एका वेडाविषयी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आतोबांचे वडील आषाढात गेले होते. आमच्याकडचा आषाढ! सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत, लाकूड न् लाकूड भिजलेलं. सरण पेटता पेटेना. रॉकेल ओतून झालं, तूप ओतून झालं, नुसता धूर. संध्याकाळपर्यंत लोक भिजत ताटकळले आणि आतोबा, तेव्हा तरुण, त्या धुराकडे बघत उभे. ते त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. पुढे शेतातला एक जुना आंबा वठला तेव्हा त्यांनी तो तोडून त्याचे मोठाले ओंडके घरी आणले आणि माळ्यावर नेऊन ठेवले. कशाला? तर स्वतःसाठी! "मी पावसात गेलो तर लोकांना ताटकळायला नको." दर पावसाळ्याआधी वर चढायचे, एकेका ओंडक्यावर टिचकी मारून कान लावायचे आणि समाधानानं खाली यायचे. पाणी वाढायला लागलं की सगळं गाव तांदूळ, डाळी, कपडे माळ्यावर चढवी. आमच्या आत्याला जागाच नसे. "तांदूळ भिजले तरी चालतील, ह्यांचं सरण कोरडं राहिलं पाहिजे," म्हणून ती फणफणायची. पण एकदा शेजारच्या लग्नात जळण कमी पडलं आणि आतोबा दोन ओंडके द्यायला निघाले, तेव्हा तिनंच वाट अडवून त्यांना स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. "जिवंत असेतो त्या लाकडाला हात लावाल तर माझं मेलं तोंड बघाल." सासऱ्यांच्या दिवशीचा तो धूर तिनंही दारातून पाहिला होता.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. संक्रांतीच्या सुमारास शाळा तपासायला डिपोटीसाहेब आले. मुलींची शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर मुलग्यांच्या शाळेत जायचं, आणि तिथे कुणी मुलींना पाठवत नसे. आतोबांनी पाचवीचा वर्ग मागितला. डिपोटीसाहेब म्हणाले, "पाचवीच्या मुलींना तरटावर बसवणार? वीस बाकं दाखवा, जूनपासून वर्ग घ्या. नाहीतर अर्ज पुन्हा करू नका." इकडे आमचे वडील, म्हणजे आतोबांचे मेहुणे, त्यांनीही आपलं सांगून टाकलं. "भावोजी, पोरीला पत्र वाचता येतं, पुरे झालं. तुमच्या शाळेत पाचवी निघाली तर घाला तिला. नाही निघाली तर जूनपासून ती घरी." मला बाई व्हायचं होतं. हातात पट्टी घेऊन टेबलावर आपटायची एवढंच त्या वयात डोक्यात होतं, पण ते इतकं होतं की वडिलांचं बोलणं ऐकून मी आत्याच्या माळ्यावर जाऊन त्या आंब्याच्या ओंडक्यांवर बसून रडले. आतोबा शिडीवरून डोकं वर काढून बघत राहिले. "ओलं करू नकोस गो त्यांना," एवढंच म्हणाले.

बाकांची गोष्ट सभेपुढे गेली. सगळे म्हणाले, "बघू." आमच्याकडे नाही म्हणायला वाईटपणा येतो म्हणून बघू म्हणतात. आतोबांनी ते ओळखलं, छत्री उचलली आणि घरी आले. दोन आठवड्यांनी शिमगा सुरू झाला.

शिमग्यात होळीसाठी लाकडं चोरायची ही आमची जुनी रीत. ज्याचं लाकूड गेलं त्यानं चोरांच्या नावानं हवं तेवढं ओरडावं, पाठीमागे धावावं, पण गेलेलं लाकूड परत मागू नये. मागितलं तर वर्षभर त्याच्या दारात बोंबा. आतोबा पन्नाशीच्या घरातले, डोक्यावर चेअरमनची टोपी, आणि आळीतल्या पोरांना म्हणतात कसे, "यंदा मी येतो. मात्र रात्री जायचं नाही. रात्री चोर चोरतात. आपण दुपारी." दुपारी आमचं गाव भात खाऊन झोपतं, हे त्यांना गिरणीमुळे पक्कं ठाऊक. मग काय! वखारीतल्या फळ्या गेल्या, वकिलांच्या परसातला फणसाचा बुंधा गेला, अध्यक्षांच्या गोठ्यामागच्या सागाच्या दोन तुळया गेल्या, आणि सभेत सगळ्यात मोठ्यानं "बघू" म्हणालेल्या सभासदांचं जुनं दार गेलं, कडीकोयंड्यासकट. आणि जिथून लाकूड उचललं तिथे दगडाखाली एक चिठ्ठी. "आपल्या गोठ्यामागून सागाच्या दोन तुळया आज रोजी साभार चोरण्यात आल्या. कळावे. चेअरमन, शाळा समिती." खाली गोल शिक्का. तो शिक्का आतोबांच्या कोटाच्या खिशात भाताबरोबर असायचा.

वकील चिठ्ठी नाचवत आले. "हा चोरीचा कबुलीजबाब आहे. मी खटला भरीन!" आतोबा म्हणाले, "भरा. कोर्टात उभं राहून सांगा की मला होळीचं लाकूड परत पाहिजे." वकील घुटमळले आणि चहा न घेताच गेले. होळीचे मानकरी मात्र सरळ ऐकेनात. होळीसाठी चोरलेलं लाकूड होळीतच जायला हवं, नाहीतर देवाचा कोप होईल. आतोबांनी तेही मिटवलं. "साल होळीला, गाभा शाळेला." खरंच, सगळ्या साली, ढलप्या, फुटकी टोकं होळीला दिली. त्या वर्षी होळी एकदम भडकली आणि बोंब पुरी व्हायच्या आत विझली. मानकरी वर्षभर तिला शेकोटी म्हणत होते.

पण मी जरा पुढे गेले. होळीच्या आदल्या दिवशी सुतारानं सगळा माल मापला आणि सांगितलं, अठरा बाकं होतील, वीस होणार नाहीत. झालं! दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, आणि होळी झाल्यावर चोरलं तर ती नुसती चोरी. गावात आता झोपतही कुणी नव्हतं, सगळे आपापल्या लाकडावर पहारा करत होते. दुपारी मी आत्याकडे गेले तर आतोबा ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेले. मला जवळ बोलावून म्हणाले, "आत्या झोपली का गो?" "झोपली." "माळ्याला शिडी लावलेली आहे. मी शपथेला बांधलेला आहे, हात लावणार नाही." मग पान उलटून, "चोरांनी काही शपथ घेतलेली नाही."

मी म्हटलं, "आतोबा, आणि तुम्ही पावसात मेलात तर?"

"तोवर तू शिकलेली असशील ना? मग तू काढ काहीतरी युक्ती. एवढ्यासाठीच तर शिकायचं."

मी पोरांना हाक मारून आणलं. आम्ही ओंडके खाली उतरवत होतो आणि आतोबा ओसरीवर, आवाज झाकावा म्हणून, मुंबईचे कापसाचे भाव खणखणीत वाचत होते. शेवटचा ओंडका गेल्यावर मी माझ्या हस्ताक्षरात चिठ्ठी लिहिली. "आपल्या माळ्यावरून आपले सरण आज रोजी साभार चोरण्यात आले." आतोबांनी ती दोनदा वाचली, शिक्का काढला आणि स्वतःच उठवला. तेवढ्यात आत्या जागी झाली. तिनं माळा पाहिला, चिठ्ठी पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठीक आहे. आता पावसात मरायचं नाही. बजावून ठेवते."

"नाही मरत," आतोबा म्हणाले.

लाकूड चिरायला ते स्वतः एस.टी.नं पोलादपूरला जाऊन उमरठच्या बाजूचे दोघे करवतवाले भाऊ घेऊन आले. त्यांनी सगळं लाकूड चिरलं, पण आंब्याच्या ओंडक्यांपाशी थोरला करवत खाली ठेवून उभा राहिला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं. "सायेब, ह्या लाकडाला माणूस ठरल्याला हाय. त्ये दुसऱ्या कामाला लावायचं नाय." आतोबांनी पुष्कळ समजावलं. तो हलेना. शेवटी आतोबांनी छत्री बाजूला ठेवली, टोपी नीट केली आणि सरळ त्या ओंडक्यांवर उताणे झोपले. "बघ. हा मी. जळतोय का?" "उठा वो सायेब, असं अभद्र करू नगा!" "माझा उपयोग अजून व्हायचाय. तोवर लाकडाचा होऊ दे. चिरतोस का इथेच झोपू?" त्यानं नारळ फोडला, लाकडाची माफी मागितली, आणि करवत लावली.

डिपोटीसाहेब मे महिन्यात आले तेव्हा वर्गात वीस बाकं होती, एकाचा रंग दुसऱ्याला नाही. सभासद मंडळी झाडून हजर. जो तो बरोबर आपल्याच बाकाशी जाऊन उभा राहिला. जुन्या दाराच्या बाकाला कडी तशीच राहिली होती, तिचे मालक ती हळूच वाजवून बघत होते. साहेबांनी विचारलं, "लोकांनी दिलं वाटतं?" आतोबा म्हणाले, "लोकांनी परत मागितलं नाही." वर्ग मंजूर झाला. जूनमध्ये मी पाचवीत गेले आणि आंब्याच्या बाकावर बसले. त्याला कितीतरी दिवस गोडसर वास येत होता.

नंतरची वर्षं भरभर गेली. शाळेत पुढचे वर्गही निघाले, मी सातवी झाले, पुढे शिकले, आणि त्याच शाळेत बाई म्हणून लागले. पट्टी आपटायला मिळाली. आतोबांचं चेअरमनपद केव्हाच गेलं होतं, पण शिक्का खिशातच होता. ते अधूनमधून वर्गात येऊन मागे बसायचे आणि पाणी प्यायला जाऊ का म्हणून मला विचारायचे. मग एका ज्येष्ठात त्यांनी अंथरूण धरलं. आत्या उशाशी बसून दटावायची, "दिवाळीपर्यंत थांबायचं. शब्द दिलाय." ते म्हणायचे, "प्रयत्न चाललाय."

आषाढात, गावातलं पुराचं पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ते गेले.

बाहेर रिपरिप, वखारीत चिखल, एक काटकी कोरडी नाही. पुरुषमंडळी दारात हळू आवाजात रॉकेलचं बोलत होती. शाळेचा म्हातारा शिपाई काही न सांगताच आंब्याची दोन्ही बाकं दोघा-तिघांकडून उचलवून घेऊन आला, हातात कुऱ्हाड. "वैनी, ही त्यांचीच हायती." आत्या बाहेर आली. तिनं बाकावरून हात फिरवला. मुलींनी करकटकानं कोरलेली नावं होती त्याच्यावर. "शाळेत नेऊन ठेव," ती म्हणाली. "चोरीला गेलेलं परत मागायचं नसतं."

मला त्यांचं ते बोलणं आठवलं, तू काढ काहीतरी युक्ती. मी आत गेले, खुंटीवरच्या कोटातून शिक्का काढला आणि चिठ्ठ्या लिहायला बसले. "आपल्या माळ्यावरील कोरडे लाकूड आज रोजी साभार चोरण्यात येत आहे. कळावे." खाली गोल शिक्का. आमच्या गावात पुराच्या भीतीनं प्रत्येक घरी चुलीपुरतं कोरडं लाकूड माळ्यावर असतंच. पाचवीच्या मुलींना बोलावून चिठ्ठ्या वाटल्या आणि घरोघर पिटाळल्या. दुपारची वेळ होती. चोरी दुपारीच करायची.

कुणी चकार शब्द विचारला नाही. चिठ्ठी वाचायची आणि शिडी लावायची. लाकडं पोत्यांत गुंडाळून, घोंगडीखाली धरून, पोटाशी घेऊन येऊ लागली. वकील स्वतः दोन फाटी घेऊन आले. जुने अध्यक्ष काठी टेकत, गड्याच्या डोक्यावर भारा देऊन आले, आणि फाटकात अडखळून म्हणाले, "वहिनी, हे चोरलेलं नाही हं. हे मी दिलंय." तेव्हा मला हसूही आलं आणि रडूही.

दिवेलागणीच्या आधी वडील स्मशानातून परतले. आत्या दारातच उभी होती. तिनं दुसरं काही विचारलं नाही.

"पेटलं का रे?"

"पहिल्या काडीला," वडील म्हणाले.

आत्यानं मान हलवली. "पावसात मरणार नाही म्हणाले होते," ती म्हणाली, "खोटारडे मेले," आणि मग दिवसभरात पहिल्यांदा ती रडली.